चौकशीची खिडकी

"ही माझी भाची हाय, साहेब," सोनाबाई म्हणाली, आणि मला तिथल्या तिथं संशय आला.

भाची असेल तर बायकांच्या संडासामागं, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला कशाला बसवलीय? आणि रविवारच्या दिवशी शाळेचा गणवेश घालून कुठली भाची मावशीला भेटायला येते? पोरगी बारा-तेरा वर्षांची. दोन वेण्या, लाल रिबिनी. दप्तर छातीशी घट्ट धरून खाली मान घालून उभी होती.

वाघजाळीच्या एसटी स्टँडवर मी तेव्हा वाहतूक नियंत्रक होतो. लोक कंट्रोलर म्हणतात. चौकशीच्या खिडकीत बसायचं, गाड्यांचा पुकारा माइकवरून करायचा, कंडक्टरांच्या कागदांवर सह्या करायच्या आणि दिवसातून दोनशे वेळा 'पुण्याची गाडी गेली का हो?' याला उत्तर द्यायचं. या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली. माझा स्वभाव पहिल्यापासून संशयी. बायको म्हणायची, "तुमच्यापुढं उद्या देव उभा राहिला तरी तुम्ही त्याला ओळखपत्र मागाल." मागीन की! देवाच्या नावावर पोट भरणारे काय कमी आहेत?

सोनाबाई संडासापुढं पैसे घ्यायला टेबल टाकून बसायला लागली त्याला जेमतेम तीन महिने झाले होते. पन्नाशीची बाई. कुठून आली, पुढं-मागं कोण, काही पत्ता नाही. विचारलं तर "हिकडचीच" म्हणायची. त्यात त्या वर्षी जिल्ह्यात पोरं पळवणारी टोळी आल्याची आवई उठली होती. आणि ही बाई येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांच्या हातावर लिमलेटच्या गोळ्या ठेवायची. एवढं मला पुरेसं होतं. मी तिच्यावर नजर ठेवून होतो.

"नाव काय भाचीचं?" मी विचारलं.

सोनाबाईनं पोरीकडं पाहिलं. पोरीनं जमिनीकडं.

"बाळी."

"बाळी हे काय नाव झालं? शाळेतलं नाव सांग."

"आमी बाळीच म्हंतो."

मी पोरीच्या हातातलं दप्तर ओढलं, वरची वही काढली. वहीवर लेबल होतं. त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं: कु. कौसल्या अंबादास ढाकणे. इयत्ता सातवी. मु. पो. पिंपळटाका.

"गाव कुठलं तिचं?"

सोनाबाई गप्प.

"बापाचं नाव? तुझा मेव्हणाच की तो. मेव्हण्याचं नाव माहीत नाही?"

"साहेब, जरा हिकडं या, तुमाला येक सांगायचंय..."

"काही सांगू नकोस. पोरं पळवायचा धंदा कधीपासून करतेस?"

तिचा चेहरा असा उतरला, की मी मनात म्हटलं, बसला बाण. "तोंड सांभाळून बोला," एवढंच ती म्हणाली. मी म्हटलं, "बोलवू का पोलीस?" पोलीस म्हटल्यावर ती एकदम गप्पच झाली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. मी पोरीचं मनगट धरलं आणि तिला माझ्या केबिनमध्ये आणून स्टुलावर बसवलं. चहा आणि खारी मागवली. तिनं हातसुद्धा लावला नाही.

अकराची पिंपळटाक्याची गाडी सुटतच होती. तिच्या कंडक्टरजवळ मी ढाकण्यांच्या घरी निरोप धाडला. पण गाडी पोचायला दीड तास, तिथून कुणी यायला आणखी दोन. तोवर पोरीचं कुणी स्टँडवरच शोधत फिरत असेल तर? हरवलेल्या पोरांची आमची पद्धत ठरलेली होती. नाव, गाव, बापाचं नाव, अंगावरचे कपडे, सगळं माइकवरून तीनदा सांगायचं. जितकं नीट सांगाल तितकं घरच्या माणसाला लवकर कळतं. माझा आवाज खणखणीत. मी माइक ओढला.

"लक्ष द्या, लक्ष द्या. पिंपळटाका इथली कुमारी कौसल्या अंबादास ढाकणे, इयत्ता सातवी, अंगात पांढरा शर्ट, निळा स्कर्ट, केसांना लाल रिबिनी, ही मुलगी चौकशीच्या खिडकीजवळ आहे. नातेवाइकांनी येऊन घेऊन जावं."

तीनदा. पोरगी स्टुलावर अंग चोरून बसली होती. लाजली असेल म्हटलं.

तिसरा पुकारा होऊन पाच मिनिटं झाली नसतील, एक माणूस धावतच खिडकीशी आला. चाळिशीचा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला गंध.

"उपकार झाले साहेब! सकाळपासून जीव टांगणीला लागलाय आमचा."

"आपण कोण?"

"मामा तिचा. सख्खा मामा."

आता दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, न्या बाबा. मी कसला देतोय! मी त्याला केबिनच्या दाराशी उभा केला, पोरीला पाठीशी घातलं आणि उलटतपासणी सुरू केली.

"नाव सांगा मुलीचं. पूर्ण."

"कौसल्या. कौसल्या अंबादास ढाकणे."

"गाव?"

"पिंपळटाका की. दुसरं कुठलं?"

"कितवीत आहे?"

"सातवीत."

सोनाबाईची दातखीळ बसली होती तिथं हा माणूस धडाधड उत्तरं देत होता. तरी माझं समाधान होईना. मी म्हटलं, आता असं विचारतो की घरच्याशिवाय कुणाला सांगता येणार नाही.

"घरातून निघाली तेव्हा काय घातलं होतं तिनं?"

तो माझ्या पाठीमागं डोकावला नाही, काही नाही. "गणवेश घालून निघाली. निळा स्कर्ट. लाल रिबिनी बांधलेल्या."

पैकीच्या पैकी मार्क! इतकं बारीक लक्ष ठेवणारा मामा मी पाहिला नव्हता. मी बाजूला झालो. तो पोरीला म्हणाला, "चल गं बाळ, किती पळवायचं आम्हाला?" पोरीनं त्याच्याकडं नीट वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग उठली, दप्तर घेतलं आणि मुकाट त्याच्या मागं निघाली. रडली नाही, हात सोडवला नाही, काही नाही. आता संशयाला जागाच उरली नव्हती. रजिस्टरमध्ये त्याची सही घेतली.

"गावाकडंच जाणार ना?"

"हो हो. साडेबाराच्या गाडीनं."

मी खुशीत होतो, खोटं कशाला सांगू. एका सकाळी एक पोर पळवणारी पकडली आणि एक पोर घरी पोचवलं. पोरीनं न प्यायलेला चहा मीच पिऊन टाकला. अकरा-चाळीसच्या पुण्याच्या गाडीचा कंडक्टर घाई करत होता, त्याच्या कागदावर सही केली, गाडी सोडली. ती फाटकाबाहेर पडली आणि सोनाबाई धापा टाकत खिडकीशी आली.

"पोरगी कुनाच्या हाती दिली?"

"मामा घेऊन गेला. खरा मामा. तुझ्यासारखा बनावट नाही. विचारलं ते सगळं बरोबर सांगितलं त्यानं."

"काय इचारलं?"

"नाव, गाव, इयत्ता, कपडे..."

सोनाबाईनं खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरले. "कौसल्या अंबादास ढाकणे," ती म्हणाली. "पिंपळटाका. सातवी. निळा स्कर्ट, लाल रिबिनी. घ्या. आता मीबी तिचा मामा."

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"मघा तुमी इचारलं तवा मला म्हाईत न्हवतं, साहेब. मंग तुमीच सांगितलं की भोंग्यावरनं, तीनदा. त्या भजीवाल्याला इचारा, त्यो बी सांगंल. आख्ख्या स्टँडाला म्हाईत हाय."

पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. अठरा वर्षं नोकरी झाली होती माझी. अठरा वर्षं मी असाच पुकारा करत होतो आणि मग तेच प्रश्न विचारून पोरं ताब्यात देत होतो. माझ्या आधीचे करत होते, माझ्यानंतरचेही करणार होते.

"कुठं गेले ते?"

"त्या पुन्याच्या गाडीत. मी हाका मारत पळाले, पन गाडी सुटली."

त्या गाडीच्या कागदावर माझीच सही होती. मी फोनवर झडप घातली. पुण्याच्या वाटेवर पहिला थांबा कोंढार फाटा, बावीस किलोमीटर. तिथं तांबोळी कंट्रोलर होते, माणूस वक्तशीर.

"तांबोळी, पुण्याची गाडी आत आली की दार उघडू देऊ नका. पांढऱ्या शर्टातला माणूस, बरोबर शाळेच्या गणवेशातली पोरगी. पोरगी त्याची नाही."

"मग कुणाची आहे?"

"ते नंतर! आधी धरा तिला!"

मग पोलीस स्टेशनला फोन केला. हवालदार लोखंडे सायकल मारत आले, आणि आम्ही फोनकडं बघत बसलो. तोवर मी तीन गाड्यांचा पुकारा विसरलो. लोक खिडकीशी ओरडत होते. सोनाबाई न विचारता केबिनमध्ये आली आणि पोरगी बसली होती त्या स्टुलावर बसली. मी तिला ऊठ म्हणालो नाही.

"तिनं तुम्हाला काही सांगितलं होतं का?" मी विचारलं.

"न्हाई सांगितलं असतं तर मी कशाला खोटं बोलले असते? घरी जायचं न्हाई म्हनाली. पाया पडली माझ्या."

"मग मला सांगायचं ना हे!"

"सांगायलाच लागले हुते. तुमी इचारलं, पोरं पळवायचा धंदा कवापासनं. मंग पोलिसाचं नाव काढलं. पोलीस आले की पोरगी घरी जानार, म्हून गप बसले."

"का जायचं नाही तिला घरी?"

"ते तिचं ती सांगंल. आली तर."

देवाला मी कधी नवस बोललो नव्हतो. त्या दिवशी दोन बोललो.

बारा-पंचवीसला फोन वाजला. पोरगी सापडली होती. तांबोळींनी गाडी फाटकातच अडवली, तसा तो माणूस मागच्या संकटकालीन दरवाजातून उडी टाकून उसात पळाला. तो कोण, कुठला, पोरीला कुठं नेणार होता, हे आजवर कळलेलं नाही. चांगल्या कामाला नेत नव्हता, एवढं त्या उडीवरून कळलं.

दीड वाजता परतीच्या गाडीनं कौसल्या आली. तशीच, दप्तर छातीशी. तिला धडधाकट बघितलं आणि इतका वेळ छातीत धरून ठेवलेलं सगळं माझ्या तोंडातून रागानं बाहेर पडलं.

"तो तुझा मामा नव्हता?"

"न्हाई."

"तुला माहीत होतं?"

"मला मामाच न्हाई."

"मग गेलीस कशाला त्याच्याबरोबर? तोंड शिवलं होतं का तुझं? काय झालं असतं कळतं का तुला?"

मी ओरडत होतो आणि ती घाबरत नव्हती. सोनाबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा कुठं बोलली.

"तुमी घरी पाठवनार होता. तो न्हेनार न्हवता."

"तो घरी नेणार नाही हे तुला काय ठाऊक?"

"मामाच न्हाई तर त्याला आमचं घर कसं ठाऊक असंल?"

लोखंडे हसले. मला हसू आलं नाही. सातवीतली पोर, माझ्यापेक्षा सरळ विचार केला होता तिनं. अनोळखी पुरुषाबरोबर जाणं बरं, पण घर नको, असा हिशेब करून ती स्टुलावरून उठली होती. आणि मला वाटलं होतं संशयाला जागा नाही!

"अगं, पण मला सांगायचं होतंस," मी म्हणालो. आवाज आपोआप खाली आला होता.

"मला कुटं इचारलं? तुमी वही वाचली."

लोखंडे टोपी काढून डोकं खाजवत बसले. मी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसलो आणि म्हणालो, "चुकलं माझं. आता सांग. का पळालीस?"

तिनं सांगायला वेळ घेतला. शिष्यवृत्तीचा जादा तास आहे असं घरी सांगून निघाली होती. शुक्रवारी तिचं लग्न होतं. दसऱ्यानंतर त्यांच्या गावातली टोळी ऊसतोडीला कारखान्यावर जाणार होती. तोडीत नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. मुकादम एकट्याला घेत नाही, त्याला जोडी लागते. जोडी लागते म्हणून पोरींची लग्नं सीझनच्या आत उरकून टाकतात. एका पोराला बायको नव्हती, तो कोयता कौसल्याला घेऊन पुरा होणार होता. आमच्या स्टँडवरून दरवर्षी शेकडो कोयते गेलेले मी पाहिले होते. त्यांत किती पोरी कितव्या वर्षाच्या आहेत हे कधी बघितलं नव्हतं.

"थोरलीचं बी असंच लावलं," ती म्हणाली.

"मग, थोरली कशी आहे?"

"न्हाई ती आता. फडातच बाळंत झाली."

सोनाबाईनं पदर तोंडाला लावला.

तीनच्या सुमाराला तिचा बाप आला. अंबादास ढाकणे. निरोप मिळाल्यावर गावच्या जीपला लोंबकळत आला होता. डोक्याला मळकट टोपी, प्लॅस्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड. दारात पोरीला बघितलं आणि त्याला रडूच फुटलं. "कौसे, जीव घेतीस का गं माझा?" म्हणून तिच्या तोंडावरून हात फिरवला. खोटं नव्हतं ते. एवढ्या वर्षांच्या संशयखोरीनंतर मला माणसाचं रडणं कळतं. माणूस वाईट नव्हता. त्याच्या पोरीला त्याच्यापासूनच पळायचं होतं, एवढंच.

लोखंड्यांनी रेशनकार्ड तपासलं. नाव, गाव, कुटुंबातल्या व्यक्ती, सगळं जिथल्या तिथं. मग मी शुक्रवारच्या लग्नाचं विचारलं. अंबादास चपापला नाही. "आमच्यात असंच असतंय, सायेब. मागं ठिवायची कुनाजवळ पोरीला? आमी सा म्हैने फडात. घरात म्हातारं बी न्हाई कुनी." त्याचंही खरंच होतं. मला त्याचा राग धरता येईना.

"झालं की मग," लोखंडे म्हणाले. "लग्नाचं मी दम देऊन सोडतो. बाप समोर उभा आहे, कागद आहेत. सही घ्या आणि मोकळे व्हा."

मी रजिस्टर पुढं सरकवलं. अंबादासच्या हातात पेन दिलं. "लई उपकार झालं सायेब," तो म्हणाला आणि सहीची जागा शोधायला लागला. सहीच्या रकान्यावर माझं बोट होतं, सकाळी त्या दुसऱ्याला जागा दाखवायला ठेवलं होतं तसंच.

"थांबा," मी म्हणालो. "तिला विचारू द्या."

"तिला काय विचारायचं?" लोखंडे वैतागले. "अज्ञान पोर ती. तुम्हाला आता सख्ख्या बापाचाही संशय यायला लागला का?"

"मघाशीसुद्धा सगळी उत्तरं बरोबर आली होती, हवालदार."

त्यांनी मला बाजूला घेतलं. हलक्या आवाजात म्हणाले, "साहेब, ऐका माझं. ती नाही म्हणाली तर मला तिला जिल्ह्याला बालकल्याण समितीपुढं उभी करावी लागंल. तुमचा जबाब लागंल. जबाबात सकाळचं सगळं येणार, तुम्ही कुणाच्या हातात पोर दिली ते. बाप वर तक्रार करील, ती वेगळीच. नोकरी आहे ना अजून बरीच?"

बारा वर्षं होती नोकरी. दोन पोरं शिकत होती. मी घाबरलो नाही असं म्हणणार नाही. त्या माणसाच्या सहीचं पान अजून उघडंच होतं.

मी कौसल्यासमोर येऊन बसलो. "तुला घरी जायचंय का?"

"चल की गं, कौसे," अंबादास म्हणाला. "आई चूल पेटवंना तिकडं."

तिनं बापाकडं पाहिलं, खूप वेळ. मग हवालदाराकडं. मग माझ्याकडं. तिचा माझ्यावर काडीचा विश्वास नव्हता, ते चेहऱ्यावर दिसत होतं, आणि तो असावा असं मी काही केलंही नव्हतं.

"साहेब," ती म्हणाली, "तुमी इचारताय, का सांगताय?"

"विचारतोय."

"मग न्हाई."

मी अंबादासच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि माझा जबाब लिहायला बसलो.